नागपुरात स्वस्त भाड्याचं वसतिगृह चालवायचंय. इमारतीआधी संस्था सक्षम करायला अनुदान मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्या मुलींसाठी तुमच्या न्यासाला कमी भाड्याचं वसतिगृह काढायचं आहे. त्याआधी माणसं नेमणं, हिशेब लावणं, प्रशिक्षण देणं यासाठी पैसा कुठून आणायचा?

‘क्षमता-बांधणी’ म्हणजे संस्था सक्षम करणं, या नावाचं सरकारी अनुदान शोधत बसू नका. अमेरिकेत ‘सेक्शन ४’ नावाची सोय आहे. तिथे केंद्राचा पैसा तीन मोठ्या संस्थांमार्फत छोट्या गृहनिर्माण संस्थांच्या पगार-प्रशिक्षणापर्यंत पोचतो आणि एका डॉलरमागे तीन डॉलर बाहेरून उभे करावे लागतात. आपल्याकडे सरकारी पैसा बांधकामाला चिकटलेला असतो. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्ये भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. त्यात नव्या तंत्राने बांधणाऱ्याला केंद्राकडून चौरस मीटरला ३,००० आणि राज्याकडून २,००० रुपये मिळतात. म्हणजे ३० चौरस मीटरच्या खोलीला दीड लाख. पण जमीन तुमची, बांधकाम तुमचं, नंतरची वर्षानुवर्षांची देखभालही तुमचीच. २०२० च्या मूळ योजनेत तर किमान ४० घरं आणि २५ वर्षे फक्त भाड्यानेच, अशी अट होती. नव्या संस्थेने यात उडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यासाठी खरा रस्ता कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘कामगारांसाठी स्वस्त भाड्याची घरं’ असा शब्दप्रयोग कुठेही नाही, पण त्याच्या तिसऱ्या बाबीत महिलांसाठी घरं आणि वसतिगृहं हे स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रस्ताव त्याच बाबीखाली टाका. आणि प्रस्तावात ‘क्षमता-बांधणी’ हा मथळा देऊ नका. तो वाचला की कंपनीच्या माणसाला ऑफिसखर्च दिसतो आणि तो पाच टक्क्यांची मर्यादा पुढे करतो. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर केलेल्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या माणसांना नाही. म्हणून पदं नावानिशी लिहा: व्यवस्थापक, हिशेबनीस, वॉर्डन, प्रत्येकाचा पगार, किती महिने, आणि त्या पदामुळे किती खाटा चालणार.

हा पैसा लागतोच का, ते आकड्यांत पाहा. समजा ३० खाटांची इमारत मालकाकडून भाड्याने घेतली आणि खाटेचं भाडं २,८०० ठेवलं. वर्षभर सरासरी ८५ टक्के खाटा भरल्या तर महिन्याला ७१,४०० येतात. खर्च धरा: घरभाडं ३५,०००, वॉर्डन १४,०००, वीज-पाणी ९,०००, सफाई ६,०००, दुरुस्तीसाठी बाजूला ३,०००, एकूण ६७,०००. उरले ४,४००. यातून २५,००० पगाराचा व्यवस्थापक निघत नाही. अशा सहा इमारती झाल्या तरच निघतो. पहिल्या इमारतीपासून सहाव्यापर्यंतची ही जी दरी आहे, तिचाच पैसा मागायचा, आणि हा तक्ता प्रस्तावाला जोडायचा. किती वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहणार, हा देणगीदाराचा ठरलेला प्रश्न असतो. त्याचं उत्तर याच तक्त्यात असतं. खाटा ७० टक्क्यांवर आल्या तर हीच इमारत महिन्याला ८,२०० तोट्यात जाते, तेही लपवू नका.

उन्हाळा वेगळा मोजा. नागपूरच्या मे महिन्यात कूलर रात्रभर चालतात, वीज वाढते आणि पाणीही जास्त लागतं. वरचे ९,००० ही सरासरी झाली, मे-जूनचं बिल तिच्या बरंच वर जाईल. खोलीगणिक सब-मीटर लावा आणि करारातच लिहा की ठरावीक युनिटच्या वरचं बिल खोलीतल्या मुलींनी वाटून भरायचं. हे आधी लिहिलं नाही तर जूनमध्ये भांडणं ठरलेली.

सखी निवास ही महिला वसतिगृहांची केंद्राची योजना आहे. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. मात्र तिथे भाड्यावर मर्यादा आहे: एकेरी खोलीला पगाराच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, सामायिक खोलीला साडेसात. १४,००० पगार असलेल्या मुलीकडून सामायिक खोलीचे १,०५० रुपयेच घेता येतात. वरच्याच इमारतीत ८५ टक्के खाटांवर ही वसुली २७,००० च्याही आत राहते. घरभाडं अनुदानातून सुटलं तरी बाकीचा खर्च ३२,००० आहे. अर्ज करण्याआधी ही वजाबाकी करा.

आता कागद. बहुतेक प्रस्ताव इथेच अडकतात. सीएसआरसाठी आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. वसतिगृहाचा अनुभव नसेल तर तो असलेल्या संस्थेला मुख्य भागीदार करा आणि तुम्ही दुय्यम राहा. त्यात कमीपणा नाही. धर्मादाय आयुक्तांकडचा शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा आजच काढून बघा. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा असतो. बऱ्याच न्यासांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून असतात आणि उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं झळकतात. अशा उताऱ्यावर कुठलीही कंपनी पैसा देत नाही. कर्ज काढायचा विचार असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ए प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता बँकेचे कागद केले तर विश्वस्त अडचणीत येतात. परदेशी निधीचं सध्या मनातही आणू नका: एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय प्रशासकीय खर्च २० टक्क्यांत बसवावा लागतो.

मालकाशी करार करताना दोन गोष्टी. इमारत पुढे खाटेगणिक देण्याची परवानगी करारात शब्दशः हवी, नाहीतर पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालक उद्या बाहेर काढू शकतो. आणि मुलींशी लिव्ह अँड लायसन्स करणार असाल तर तो ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. नोंदणी ऑनलाइन होते, पण दर मुलीमागे खर्च येतो, तोही तक्त्यात धरा. जीएसटीची भीती मात्र नको: माणशी महिना २०,००० पर्यंतचं आणि किमान सलग ९० दिवसांचं वास्तव्य जुलै २०२४ पासून करमुक्त आहे. म्हणजे मुलगी किमान सलग ९० दिवस राहील अशी अट नियमावलीत घाला.

सगळ्यात शेवटी आठवतं ते आगीचं. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. इमारत बघायला जाल तेव्हा मालकाकडे मागचा फॉर्म मागा. तो नसेल तर यंत्रणा बसवायचा खर्च कोणाचा, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या.