दोन शर्ट टाकले तरी टॉप लोड मशीन टबभर पाणी का घेतं?

नळाला पाणी नसलं की बादलीने टब भरून मग स्टार्ट दाबता का? जळगाव-भुसावळकडे बऱ्याच घरांत असंच करतात. मशीन वजनाचा अंदाज कोरड्या कपड्यांवर घेतं: मोटर पल्सेटरला (टबच्या तळाची फिरणारी चकती) छोटे झटके देते आणि तो किती अडतो ते बघते. पाण्यात तो जड जातो, म्हणजे मशीनच्या लेखी कपडे भरपूर. आधी स्टार्ट, पॅनेलवर पाण्याची पातळी दिसली की मग बादली.

तरीही तेच? प्लग काढा, मधला स्क्रू खोलून पल्सेटर उचला. खाली बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, नाडीचा तुकडा, सेफ्टी पिन असं काहीबाही निघतं. थर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने सुटतो. बेल्टवालं मशीन असेल तर ताणही बघा. प्रेशर सेन्सर मात्र उगाच बदलू नका. तो पाण्याची पातळी मोजतो, कपड्यांचं वजन नाही.