महाग यो-यो, पण थ्रो वाकडा

प्रश्न : सहा महिने प्लास्टिकच्या यो-योवर सराव करतोय. ट्रॅपीझ (बाजूला फेकलेला यो-यो वळवून दोरीवर उतरवणं) जमतो, पण त्यापुढची ट्रिक अर्ध्यावर आली की फिरकी संपते. मित्राच्या बायमेटल यो-योवर तीच ट्रिक पूर्ण होते. तसा महाग यो-यो घेतला तर माझा खेळ सुधारेल का?

उत्तर : ट्रिक पूर्ण होईल, पण खेळ तिथेच राहण्याची शक्यता जास्त. बायमेटलचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि काठाला स्टीलचं कडं बसवलेलं असतं. दोरीवरच्या ट्रिक्सचा यो-यो स्वस्त असो वा महाग, वजन साधारण ६२ ते ६८ ग्रॅमच भरतं. ते कुठे बसवलंय यावर सगळं ठरतं. मध्यापासून १३ मिलिमीटरवर असलेला एक ग्रॅम २६ मिलिमीटरवर नेला, तर फिरकी टिकवण्यातला त्याचा वाटा चौपट होतो. असा यो-यो जास्त वेळ फिरतो, सहज कलत नाही आणि रुंद असल्यामुळे दोरीवर अलगद उतरतो.

नेमकी इथेच नवशिक्याची फसगत होते. थ्रो वाकडा पडला की यो-यो कलतो, दोरी फटीच्या एका भिंतीला घासते आणि फिरकी मरते. प्लास्टिकच्या यो-योत ही चूक पाचव्या सेकंदाला कळते. महाग यो-यो तीच चूक बराच वेळ सांभाळून घेतो, म्हणून ती सुधारायची राहून जाते. पुढे लांब ट्रिक्स सुरू झाल्या की ती पुन्हा समोर येते, आणि तोवर हाताला वाकड्या थ्रोची सवय जडलेली असते.

आधी तुमचा यो-यो मित्राच्या हातात द्या. त्याने त्यावर ट्रिक पूर्ण केली तर दोष थ्रोचा. मग रोज ट्रिक्सआधी दहा थ्रो फक्त सरळ खाली टाका. कोपर वर, तळवा आपल्याकडे, मनगट शेवटच्या क्षणी सुटलेलं. वीस आकडे मोजेपर्यंत यो-यो उभाच राहायला हवा. दहापैकी आठ थ्रो असे पडेपर्यंत खरेदी थांबवा.

मित्राच्या हातातही फिरकी लवकर मेली, तर दोरी आणि बेअरिंग (दोरी ज्यावर बसते ते मधलं फिरतं कडं) पाहा. दोरीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, आणि खेळ सर्वांत जास्त तीच बिघडवते. पॉलिएस्टरची दोरी खरखरीत किंवा मळकट झाली, तंतू सुटले, की बदला. यो-यो जमिनीवर ठेवून दोरी बेंबीपर्यंत यावी. खेळता खेळता तिला पीळ चढतो. यो-यो खाली लोंबकळत सोडा आणि त्याला गिरक्या घेऊन पीळ सोडू द्या. हे न केल्यास सैल सोडलेले फास स्वतःभोवती गुंडाळतात आणि गाठ बसते.

महाग यो-यो निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. स्पर्धेत तीन मिनिटांच्या सादरीकरणात एका थ्रोवर जितक्या जास्त ट्रिक्स बसतील तितके गुण वाढतात. तिथे बायमेटल कामाला येतो. तरीही २०१४ साली प्राग इथे जेंट्री स्टाइनने १ए गटात (एक यो-यो, दोरीवरच्या ट्रिक्स) जागतिक विजेतेपद मिळवलं ते शटरवर, म्हणजे निव्वळ अ‍ॅल्युमिनियमच्या, मध्यम किमतीच्या यो-योवर.

प्रश्न : नवा धातूचा यो-यो घेतला. झटका दिला तरी वर येत नाही. सदोष निघाला का?

उत्तर : नाही, तो अनरिस्पॉन्सिव्ह, म्हणजे नुसत्या झटक्याने परत न येणारा आहे. बेअरिंग रुंद आणि पॅड (दोरी पकडणाऱ्या चकत्या) आत बसवलेले, त्यामुळे एकेरी दोरी पॅडना जेमतेम टेकते. त्याला परत आणायला बाइंड लागतो. मोकळ्या हाताच्या बोटांत दोरी चिमटून पाच-सहा सेंटीमीटरचा दुहेरी फास करा आणि तो फिरकीच्या दिशेने फटीत सोडा. दुहेरी दोरी फट भरते, पॅड तिला पकडतात आणि यो-यो गुंडाळत वर येतो. फास आखूड पडला तर नुसता घसरतो, फार लांब झाला तर आत गुंता होतो, उलट दिशेने गेला तर बाहेर फेकला जातो. फास व्यवस्थित असूनही यो-यो घसरत असेल तर पॅड झिजलेत. सिलिकॉनचे नवे पॅड बसवा.

प्रश्न : बेअरिंग कर्कश वाजतं आणि यो-यो मध्येच हातात परत येतो. सिरॅमिक बेअरिंग बसवावं का?

उत्तर : आधी आहे ते धुवा. बेअरिंग काढा, टाचणीने कडेची क्लिप आणि झाकण सोडवा. लहान काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोन घेऊन त्यात दोन मिनिटं हलवा, मग कागदावर पूर्ण वाळू द्या. खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको. यो-योचं अंग अ‍ॅसिटोनपासून लांब ठेवा, पॉलिकार्बोनेट त्याने खराब होतं. वाळल्यावर टाचणीच्या टोकावर मावेल तेवढंच पातळ तेल लावा. जास्त किंवा दाट तेलाने बेअरिंग जड होतं आणि यो-यो पुन्हा आपोआप वर येऊ लागतो. जोडताना एक्सल (दोन भाग जोडणारा मधला स्क्रू) आटे जुळवून हातानेच फिरवा. तो तिरका घातला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे कापले जातात, आणि हे नुकसान सहसा भरून येत नाही. स्वच्छ स्टीलच्या बेअरिंगपुढे सिरॅमिकचा फरक खेळताना फारसा जाणवत नाही. ते पैसे दोऱ्यांवर घाला.

प्रश्न : दोन हातांनी लूप (परत आलेला यो-यो न पकडता पुन्हा पुढे फेकणं) शिकायचे आहेत. त्यासाठी धातूचा यो-यो चालेल?

उत्तर : चालणार नाही. लूपला गोलसर अंगाचा, अरुंद फटीचा, हलका आणि झटक्याने परत येणारा यो-यो लागतो. जागतिक स्पर्धेतही २ए गटातले (दोन यो-योंनी लूप करणारे) खेळाडू प्लास्टिकचेच वापरतात.