जड अणुकेंद्र फिरतं हे गॅमा किरणांवरून कसं कळतं? आणि फोंड्याच्या एमएस्सीवाल्याने असं काम बघायचं कुठे?

केंद्रक अगदी गोल असेल तर क्वांटम नियमांनुसार त्याचं फिरणं दिसतच नाही. नोबेलियम-२५४ या जड, मानवनिर्मित मूलद्रव्याचं केंद्रक मात्र न सोललेल्या नारळासारखं लांबट. शिसे-२०८ वर कॅल्शियम-४८ आदळून ते बनतं. अर्धायुष्य मिनिटभरही नाही. पण फिरणं मंदावायला त्याला क्षणाचाही अंश पुरतो, आणि ऊर्जेची एकेक पायरी उतरताना गॅमा किरण सुटतात: साधारण २६७, २१४, १५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक). या आकड्यांमधलं जवळजवळ समान अंतर म्हणजेच फिरण्याची खूण. त्यावरून जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातला बदल किती जड जातो ते, काढतात. सर्वांत खालच्या पायऱ्यांची ऊर्जा बहुधा त्याच अणूतले इलेक्ट्रॉनच पळवतात, तिथे गॅमा शोधक हात टेकतात.

आपल्याकडे ‘इंगा’ हा गॅमा शोधकांचा संच मुंबई, दिल्ली, कोलकात्यात आळीपाळीने लागत आलाय. मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) विचारा, कोकणकन्येने रात्रीत पोहोचाल.