तीन आणि सात वर्षांच्या मुलांसाठी मुंबईत कुठली बोट घ्यावी? स्पीडबोट की शिडाची?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: धाकटी तीन वर्षांची, थोरला सात, घर ठाण्याला, बजेट २५ लाख. रविवारी गेटवेहून मांडव्याला नाहीतर घारापुरीकडे जायचं. आणि मन अडकलंय पुढे बसायला सीटा असलेली स्पीडबोट घ्यावी की शिडाची, यात.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. बावीस ते सव्वीस फुटांची, बसायची जागा खोल असलेली, डोक्यावर पक्कं छत आणि आत छोटीशी केबिन असलेली मोटरबोट बघा. जरा संथ असली तरी चालेल. आणि वापरलेली घ्या.

माझं सासर उरणजवळ करंजाचं. नवरा बोटींच्या इंजिनांची कामं करतो, दीर आणि आम्ही मिळून एक जुनी फायबरची बोट ठेवली आहे. त्यामुळे हौशी लोकांच्या बोटी, त्यांची मुलं आणि बोटीवरून होणारी नवरा-बायकोची भांडणं, सगळंच जवळून बघायला मिळतं. भांडणं बहुतेक समुद्रात होत नाहीत, धक्क्यावर होतात. मुंबईत बोट घेताना आधी धक्का बघायचा, समुद्र नंतर.

परदेशातल्या व्हिडिओंत बोट तरंगत्या फलाटाला लागलेली असते. फलाट पाण्याबरोबरच वरखाली होतो, मूल चालत चालत आत जातं. गेटवेच्या बाजूला तसं नाही. खासगी बोटी बहुतेक पाण्यात मुरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बांधून, उभ्या असतात. तुम्ही पायऱ्यांवरून छोट्या होडीत उतरणार आणि होडीतून बोटीत चढणार. दोन्ही वेळा पायाखालचं हलत असतं, आणि तुमच्या एका हातात मूल, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी.

त्यात भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी चार मीटरच्या आसपास वरखाली होतं, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे सकाळी जिथून चढलात तिथून संध्याकाळी एक मजला खाली उतरलेलं पाणी. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि दगडाला चिकटलेली कालवं. शेवाळावरून पाय घसरतो आणि कालवांनी सोलून निघतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. आमच्या घरी सासूबाई मोबाईल न बघता भरतीची वेळ सांगतात, तो हिशोब तुम्हीही शिकून घ्या: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. ओहोटी त्याच्या आधी-नंतर साधारण सहा तासांनी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. पण एवढ्यावरूनही कळेल की पौर्णिमेच्या रविवारी संध्याकाळी सहाला परत आलात तर पाणी अगदी तळाला असणार, मुलं पेंगलेली असणार आणि उजेड जात आलेला असणार. लहान मुलांना घेऊन जायचं तर अष्टमीच्या आसपासचा रविवार निवडा. आमच्याकडे बोटीचं वेळापत्रक कालनिर्णयवरच ठरतं.

आता हे बोटीला लावून बघा. होडीतून मूल वर उचलून द्यायचं तर बोटीचा काठ बाहेरून फार उंच नको. पण मूल आत गेल्यावर तोच काठ आतून उंच हवा. दोन्ही जमवणाऱ्या बोटींना मागे किंवा बाजूला छोटं दार असतं, नाहीतर मागे पायरी. ते नसेल तर बोट कितीही देखणी असो, पुढे निघायचं.

आतली खोली मोजताना एक गोष्ट हटकून चुकते. विकणारा तुम्हाला तळापासून काठापर्यंतची उंची दाखवतो: बघा, तुमच्या मुलीच्या छातीच्या वर येतंय. पण तीन वर्षांचं मूल सीटवर बसून राहत नाही, सीटवर उभं राहतं. स्पीडबोटीत सीटा नेमक्या काठाला लागून असतात. मुलीला सीटवर उभं करा आणि मग बघा काठ कुठे येतो. बहुतेक वेळा गुडघ्याला. म्हणून सीट मधोमध असलेली, किंवा सीटच्या मागे चांगला उंच कठडा असलेली बोट शोधा. कठड्याच्या नळ्यांमधून मूल आरपार जाईल एवढी फट असेल तर जाळी बांधून घ्या. जाळी आणि दोरी करंजात किंवा भाऊच्या धक्क्याजवळ कुठेही मिळते, आणि कोळी माणूस ती तुमच्यापेक्षा चांगली बांधेल.

तुम्ही म्हणता ती पुढे सीटा असलेली स्पीडबोट फोटोत छान दिसते. पण बोट लाटेवर आपटते तेव्हा सगळ्यात जास्त उसळते ती नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आणि मुलांना बसवायचं नेमकं तिथेच. सकाळी बंदर बऱ्यापैकी शांत असतं. दुपारनंतर, विशेषतः फेब्रुवारी ते मे, वायव्येचा खारा वारा उठतो. गेटवे ते मांडवा सरळ अंतर साधारण आठ सागरी मैल, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर. जाताना तुम्ही दक्षिणेकडे जाता, वारा पाठीशी. येताना जवळजवळ वाऱ्याच्या तोंडावर. सकाळचा प्रवास बघून बोट पसंत करणाऱ्यांना संध्याकाळचा धडाका माहीतच नसतो. त्यात मोठ्या कॅटामरान आणि गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटींच्या लाटा. तळ सपाट असेल तर मणके हलतात, खोल व्ही आकाराचा असेल तर सुसह्य होतं. म्हणून बोटीची चाचणी दुपारी चार वाजता मागा. विकणारा सकाळी सातचा आग्रह धरेल.

शिडाच्या बोटीवर माझा राग नाही. उलट इंजिनाची धडधड नाही, डिझेलचा वास नाही, मुलं वारा ओळखायला शिकतात. पण त्याच वायव्य वाऱ्यापायी परतीला शिडावर सरळ येता येत नाही, नागमोडी यावं लागतं. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी गेलात तरी जाताना दीड तास आणि येताना त्याहून बराच जास्त. बोट एका बाजूला कललेली, तुम्ही दोघं दोऱ्यांत गुंतलेले, मग धाकटीला धरणार कोण? ती सात-आठ वर्षांची झाली की विचार करा. थोरल्याचं मात्र वय झालंय. त्याला सेलिंग क्लबमध्ये ऑप्टिमिस्टवर घाला. २.३६ मीटर लांबीची, एका मुलाची, जवळजवळ खोक्यासारखी दिसणारी होडी. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात मुलांसाठीच बनवलेली, आणि पंधरा वर्षांपर्यंतची मुलं जगभर तिच्यावर शर्यती करतात. तुमच्या २५ लाखांच्या बोटीपेक्षा त्याला तीच आवडेल, याची तयारी ठेवा.

छताबद्दल हट्ट धरा. पाण्यावरून परतणारं ऊनही लागतं, आणि एप्रिलमध्ये उघड्या बोटीतली फायबरची जमीन अनवाणी पायाला चटके देते. कापडी छत वाऱ्यात फडफडतं आणि लोक ते मिटवून ठेवतात, म्हणून पक्कं हवं. केबिन झोपायला लागते असं नाही. पण तीन वर्षांच्या मुलीला शू नेमकी बंदराच्या मधोमध लागते. केबिनमध्ये सीटखाली बसणारं छोटं पोर्टेबल टॉयलेट असलं की निम्मे प्रश्न संपतात. मागचा पोहायचा फलाट बघून मात्र भुलू नका. बंदराच्या त्या पाण्यात तुम्ही मुलांना सोडणार आहात का? शिडी मात्र हवीच, आणि ती पाण्यातल्या माणसाला खालून ओढून उघडता आली पाहिजे.

बोट लागण्याचं म्हणाल तर दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ती सहसा लागत नाही. त्यानंतर लागायला लागते आणि सात ते बारा हे त्यातलं वाईट वय. म्हणजे धाकटीपेक्षा थोरल्याची काळजी. त्याला मोबाईल देऊ नका, क्षितिजाकडे बघायला लावा, धुरापासून लांब बसवा. आलेपाक आम्ही नेतो. कितपत उपयोग होतो देव जाणे, पण तोंड बंद राहतं.

आता जॅकेट. बोट ठरायच्या आधी हे विकत घ्या, कारण भाड्याच्या बोटीवरही लागेल. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला, ते तुम्हाला आठवत असेलच. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट घालायला लावतात. पण बहुतेक ठिकाणी मिळणारं ते केशरी जॅकेट मोठ्या माणसाचं असतं. तीन वर्षांचं मूल पाण्यात पडलं तर जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. मुलांचं जॅकेट वजनावरून घ्यायचं, वयावरून नाही. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, मान वर धरणारी कॉलर हवी, मानेमागे पकडून उचलायला मजबूत पट्टी हवी. लेबलवर तरंगवण्याची ताकद १०० न्यूटन आहे का ते बघा. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यांसाठी असतं. घातल्यावर खांद्याला धरून मुलाला किंचित उचला. हनुवटी जॅकेटच्या आत गेली तर ते मोठं आहे. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून शाळेचा गणवेश घेतो तसं हे घ्यायचं नाही. नंतर सोसायटीच्या नाहीतर ओळखीच्या स्विमिंग पूलमध्ये घालून उतरवा. पहिल्यांदा मूल रडतंच, ते तिथे रडलेलं बरं. हवा भरून फुगणारी जॅकेटं दिसायला सुटसुटीत असतात, पण आपल्या खाऱ्या हवेत सिलिंडरची निगा कोण राखणार? मी माझ्या मुलांना घालणार नाही.

काही जण मुलाला ओढणीने बोटीला बांधतात. छोट्या उघड्या बोटीत हे कधीही करू नका, बोट उलटली तर मूल तिच्याखाली अडकतं.

इंजिन डिझेल किंवा फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं, घ्या. आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाची वाफ तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघते. घरातल्या मुलांच्या बोटीत मला ते नको. सुकाणूवर बसणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचीच. कुणी शिडीवर असेल तर इंजिन नुसतं न्यूट्रलला नाही, बंद. इंजिन चालू असताना मुलांना मागच्या फलाटावर बसवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच घुटमळतो आणि त्याला वास नसतो. पाय बाहेर सोडून नाळेवर बसणंही नाही, तिथून पडलेलं मूल थेट इंजिनाच्या पंख्याखाली जातं. आणि पंख्याचं म्हणाल तर आपल्या बंदरात प्लास्टिक आणि जाळी अडकणं हे नेहमीचंच. समुद्रात रोवलेल्या डोल जाळ्यांचे तरंगणारे बोये ओळखायला शिका, पहिले काही महिने एखादा करंजाचा किंवा ससून डॉकचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा जाणता माणूस, सोबत ठेवा. त्याची मजुरी द्यावी लागेल, पण तुम्ही मुलांकडे बघू शकाल. मोबाईलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर असू द्या, पण बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवाच.

वापरलेली बोट घ्या म्हणते त्याचं कारण कर. सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या नव्या बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. २५ लाखांतले सात लाखांहून जास्त त्यातच जातात. जुनी घेताना नोंदणीचे कागद, विमा आणि सर्व्हे (जाणकाराचा तपासणी अहवाल) बघा, आणि तळ बघायला बोट पाण्याबाहेर काढायला लावा. नाही म्हणाला तर सोडून द्या. शिवाय जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवावी लागणार, त्या जागेचं आणि क्रेनचं भाडं वेगळं. म्हणजे वर्षातले आठ महिने, त्यातले शाळेच्या परीक्षा आणि लग्नं वजा करा.

तेव्हा पहिला मोसम भाड्याच्या बोटीवर काढा. वेगवेगळ्या बोटी घ्या आणि एकदा तरी मुद्दाम ओहोटीला, धाकटीला कडेवर घेऊन चढून बघा. त्यानंतरही उत्साह टिकला तर आधी मुरिंगची जागा पक्की करा. ती न करता बोट घेणारे मग कुणाच्या तरी ओळखीने महिनोन्महिने जागा शोधत फिरतात. मनात एखादी ठरावीक बोट असेल तर तिचं वर्ष, लांबी आणि इंजिन किती तास चाललंय ते खाली लिहा, नवऱ्याला विचारून सांगते.