गेम डेव्हलपमेंटमधे जॉब हवाय? आधी एक गेम पूर्ण कर
अरे दहा अर्धवट प्रोजेक्ट दाखवण्यापेक्षा एकच छोटा पण पूर्ण गेम दाखव, मेनू, पॉज, साउंड सगळं धड चालणारा. लुडम डेअर ही गेम बनवायची ऑनलाइन स्पर्धा २००२ साली सुरू झाली, तिच्या ‘कॉम्पो’ प्रकारात एकट्याने ४८ तासांत गेम करायचा, तिथं एकदा बसलास की कुठलं फीचर कापायचं ते आपोआप कळायला लागतं. मग तो गेम इच डॉट आयओवर (गेम टाकायची वेबसाइट) ब्राउझरमधेच चालेल असा टाक, झिप डाउनलोड करायचा बघणाऱ्याला कंटाळा येतो (मलाही येतो, खरं सांगतो). टीममधे केलं असशील तर तुझा भाग नेमका कोणता ते लिही, इंटरव्ह्यूत तेच खोदून विचारतात. आणि ट्यूटोरियल बघून जसाच्या तसा केलेला प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) काढून टाक बाबा, लगेच ओळखू येतो.