सोलापुरात पोरं कंपनी पर्यावरणाची काळजी घेते का, हे बघून नोकरी धरतात का?

आधी पगार आणि येण्याजाण्याची सोय, हे खरंच. पण मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात भरतीचं बघतो. परवा एका केमिकलवाल्या पोरीनं मुलाखतीत मलाच विचारलं, "सर, डाईंगचं रंगीत पाणी कुठं जातं?" तिला थेट ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या टाकीपाशी नेलं. तिनं वास घेतला, गाळ बघितला, मग होकार दिला. वृक्षारोपणाच्या फोटोंना ही पोरं भुलत नाहीत (आमच्याकडेही तसले फोटो आहेत!). मोठ्या कंपनीत अर्ज करणार असाल तर तिचा बीआरएसआर अहवाल (कंपनी पर्यावरण आणि समाजाची जबाबदारी कशी पाळते, त्याचा) वाचा; बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं तो २०२२-२३ पासून सक्तीचा केलाय. पाणी, वीज, कचरा, सगळ्याचे आकडे त्यात मिळतात. छोट्या कारखान्यात मात्र मागचा नाला बघून या.