दुकानातला ‘सकर’ नेमका कोण?

प्रश्न : माझ्या दोन फुटी टाकीत चार इंचांचा एक सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा मासा, आहे. दुकानदार त्याला प्लेको म्हणाला, मित्र म्हणतो बुशी नोज आणि भाऊ म्हणतो सेलफिन. खरं काय ते कसं ओळखायचं? आणि टाकीत मावेनासा झाला तर पवनेत सोडला तर चालेल का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. पवनेत नाही, इंद्रायणीत नाही, गावच्या तळ्यातही नाही. का, ते पुढे येईलच.

आता ओळख. अंगावरच्या ठिपक्यांवर जाऊ नका. वय, उजेड, भीती, सगळ्यानं ते फिके-गडद होत असतात. पाठीवरचा पर बघा. नवा आणलेला किंवा दुसऱ्या माशानं डिवचलेला सकर हा पर ताठ उभा करतो. तेवढ्यात मोबाइलवर बाजूनं फोटो घ्या आणि मोठा करून पराच्या काड्या मोजा. सगळ्यात पुढची जाड काडी म्हणजे काटा, तो मोजायचा नाही. त्याच्या मागच्या, टोकाला फाटे फुटलेल्या मऊ काड्या तेवढ्या मोजायच्या. सातच्या आसपास थांबलात तर तो बुशी नोज, म्हणजे अँसिस्ट्रस, किंवा मग हायपोस्टोमस. दहा किंवा त्याहून जास्त भरल्या तर सेलफिन, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी मुलांकडून हेच करून घेते. नाव आधी सांगत नाही, आकडा आधी मागते.

बुशी नोजचा नर मोठा झाला की नाकाडावर फांद्या फुटल्यासारख्या मऊ मिशा येतात. मादीला त्या जेमतेम, ओठाच्या कडेला. पिल्लांना तर नसतातच. म्हणून ‘मिशा नाहीत, म्हणजे बुशी नोज नाही’ असा निकाल लावू नका. काड्या मोजा.

माझा अंदाज विचाराल, तर तुमचा मासा सेलफिनच असणार. आपल्याकडे प्लेको म्हणून स्वस्तात मिळणारे सकर बहुतेक तेच असतात. खरा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस हा सुरिनामकडचा. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं 1758 साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा अंगावरच्या हाडांच्या तकटांमुळे त्याला चक्क स्टर्जन माशांच्या वंशात घातलं होतं. तो आपल्या दुकानांत क्वचितच दिसतो, त्याचं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे.

सेलफिनमधला कोणता, हे बघायचं असेल तर पोट बघा. मासा पुढच्या काचेला चिकटला की आयतं दिसतं. फिकट पोटावर सुटे, गोल, काळे ठिपके असतील तर पार्डॅलिस. ठिपके एकमेकांत मिसळून वळवळत्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. डोक्यामागे उंचवटा आणि नाकपुड्या वर उचललेल्या असतील तर गिबिसेप्स. पहिल्या दोघांच्या मधली पोटंही पुष्कळ सापडतात, अर्धे ठिपके, अर्ध्या रेघा. तिथे ओढूनताणून नाव देण्यापेक्षा नुसतं ‘सेलफिन’ लिहिणं जास्त खरं.

हे सगळं कशासाठी? बुशी नोज चार-पाच इंचांवर थांबतो. त्याचं जोडपं जरा मोठ्या टाकीत सुखानं राहतं. सेलफिन दीड फुटाच्या घरात जातो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. आणि मग नदी आठवते.

नदीत तो मरत नाही, हीच अडचण आहे. तोंडानं हवा घेऊन तो पोटातून ऑक्सिजन शोषतो, त्यामुळे गटारगंगा झालेल्या पाण्यातही टिकतो. वीण करायला काठात लांब बिळं कोरतो, त्यानं काठ ढासळतात. काटेरी परांनी जाळी फाटतात आणि जाळ्यात आलेल्या सकरला बाजारात गिऱ्हाईक नसतं. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणातली भरभराटीची मासेमारी या माशांच्या शिरकावानंतर कोलमडली. केरळ, आंध्र, बंगाल इथल्या पाण्यात तो आधीच पसरला आहे. आपल्या नद्यांत आपले शिंगटी आणि मळ्या हे मासे आहेत. त्यांच्यावर हे ओझं टाकू नका, ही कळकळीची विनंती. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेला माणूस शोधा. काड्या दहा किंवा जास्त निघाल्या तर हा शोध आजच सुरू करा, मासा लहान आहे तोवर त्याला घर सहज मिळेल.

प्रश्न : मी नववीत आहे. वाढदिवसाला बाबांनी ज्युली कोरी (कोरिडोरास जातीचे छोटे मासे) आणले. मैत्रीण म्हणते हे ज्युली नाहीत. कोण बरोबर? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा मैत्रीण. पण तिच्या शब्दावर जाऊ नकोस, भिंग घेऊन माशाचं डोकं बघ. ज्युलीच्या डोक्यावर सुटे सुटे बारीक ठिपके असतात. ट्रायलिनिएटस हा त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा कोरी, त्याच्या डोक्यावर तेच ठिपके जोडले जाऊन नागमोडी नक्षी होते, आणि अंगाच्या मधोमध जाणारी काळी रेघ जास्त ठसठशीत दिसते. पाठीच्या परावरचा काळा डाग दोघांनाही असतो, त्यावरून काही ठरत नाही. काही ट्रायलिनिएटसच्या डोक्यावर सुटे ठिपकेही येतात, म्हणून एक मासा बघून थांबू नकोस, सगळे बघ.

ज्युली ईशान्य ब्राझीलमधल्या पार्नाइबा नदीच्या खोऱ्याकडचा, ट्रायलिनिएटस पेरूकडच्या अ‍ॅमेझॉनचा. दुकानांत ज्युली म्हणून येतो तो जवळजवळ नेहमी ट्रायलिनिएटस. 2024 साली शास्त्रज्ञांनी कोरिडोरास वंशाची फेरमांडणी केली, तेव्हा हे दोघेही होप्लिसोमा वंशात गेले. वहीत नाव लिहिशील तर तेही लिही.

बाबांना हिरमुसायचं कारण नाही, दोघांची निगा सारखीच. तळाला बारीक वाळू घाल, कारण धारदार खडीनं त्यांच्या मिशा झिजतात. सहाच्या आसपास एकत्र ठेव. अधूनमधून वर झेपावून हवेचा घोट घेतात, ते त्यांचं नेहमीचंच आहे. एकसारखेच वर येऊ लागले तर मात्र पाणी तपास. आणि जाळीनं पकडू नकोस, परांचे काटे जाळीत अडकतात. छोट्या डब्यानं उचल.

प्रश्न : शेवाळ खातो म्हणून गोल्डन सकर आणला. आता तो एंजल माशांच्या अंगाला चिकटतो. असं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तो सकर कॅटफिश नाहीच. त्याच्या अंगावर खवले दिसतील, हाडांची तकटं नाहीत, आणि पाठीच्या परामागे शेपटीजवळ जो छोटा दुसरा पर प्लेकोला असतो, तो याला नाही. हा थायलंड-मेकाँगकडचा जायरिनोकायलस. लहानपणी शेवाळ खातो, मोठा होताना चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडायला लागतो. एंजलच्या कुशीवर लालसर चट्टे असतील तर आज रात्रीच त्याला वेगळ्या टाकीत हलवा, रात्रीच तो जास्त चिकटतो.